जुही अलंगवर आली नाही

एप्रिल लागला की आमच्या दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बँडवाल्यांची तालीम सुरू होते. दुपारी तीनला. बाहेर अकोल्याचं ऊन असं असतं की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडतात, आणि आत हे लोक बनियनवर बसून एकच ओळ वीस वेळा वाजवतात. विसाव्यांदाही ती चुकते. मी खिडकी लावून घेते. तरी ढोल भिंतीतून येतोच आणि कपाटातल्या औषधाच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणतात. लगनसराई आली हे मला पत्रिकांवरून कळत नाही, या बाटल्यांवरून कळतं.

मी जनावरांची डॉक्टर आहे. गाई, म्हशी, बकऱ्या, अधूनमधून कुणाचं लाडावलेलं कुत्रं. घोडी आता आमच्या भागात फार उरलेली नाहीत. टांगे गेले, सामानाची घोडी गेली. राहिल्या त्या वरातीच्या घोड्या. वर्षभर कुणी त्यांच्याकडे बघत नाही आणि या तीन महिन्यांत त्यांच्यावाचून कुणाचं लग्न होत नाही. पाठीवर आरशांची झूल, कपाळावर गोंडा, पायात घुंगरू. झुलीखाली घामाने केस भिजून चिकटलेले असतात आणि खोगिराखाली कातडी सोललेली असते. ते बघायला मला बोलावतात.

अडचण अशी आहे की घोडीचा आणि लग्नाचा हंगाम एकच. थंडीत दिवस लहान असतात तेव्हा तिचं अंग गप्प असतं. दिवस मोठा व्हायला लागला की डोळ्यांतून तो उजेड मेंदूपर्यंत जातो, मेंदू खाली निरोप पाठवतो आणि अंडाशयं जागी होतात. मग फाल्गुनापासून पावसाळ्यापर्यंत दर तीन आठवड्यांनी पाच-सहा दिवस घोडी आपली राहत नाही. गाई-म्हशींच्या बाबतीत आपण याला माज म्हणतो. घोडीवाल्यांचा शब्द वेगळा आहे. ते म्हणतात, घोडी अलंगवर आली. हा शब्द मला कॉलेजात कुणी शिकवला नाही. बार्शीटाकळीच्या सलीमभाईंनी शिकवला.

सलीमभाईंची घोडी म्हणजे जुही. पांढरी, कानांची टोकं राखाडी, डाव्या डोळ्याखाली गुलाबी डाग. अलंगवर आली की शेपटी एका बाजूला करून उभी राहायची, थोडी थोडी मुतत राहायची, मधेच किंचाळायची, आणि जवळ जे असेल त्याला, खांबाला, टेम्पोला, माणसाला, अंग टेकून रेलायची. घरी असं केलं तर चालतं. वरातीत पाठीवर नवरदेव असतो, त्याच्या तोंडावर फुलांच्या माळा असतात, त्याला समोरचं काही दिसत नाही. समोर बँड आणि नाचणाऱ्या बाया.

पाच वर्षांपूर्वी बाळापूरला एका वरातीत दुसऱ्या बाजूने कुणाचा तरी घोडा आला. जुही वळली. नवरदेव पडला, मनगट मोडलं. लग्न लागलं, पण प्लास्टर घातलेल्या हाताने. पुढचा महिनाभर चौकात हेच चाललं होतं. सलीमभाईंनी मला स्वतःच सांगितलं, "म्याडम, लोकं म्हनून राहिले, नवरी पळून जाते हे आयकलं होतं, घोडीच पळून चालली हे पयल्यांदा पाह्यलं." सांगताना ते हसले. मग म्हणाले, "तीन लोकायनं ऑर्डर कॅन्सल केली. हिले थंडी करा काही तरी."

तोवर माज थांबवायचे जे उपाय मला ठाऊक होते ते सगळे वाईट होते. पोट फाडून अंडाशयं काढणं, तेही अंगणात, आंब्याच्या झाडाला बांधून. किंवा रोज तोंडातून द्यायचं औषध, जे इथे मिळत नाही. किंवा घोडी गाभण ठेवणं, म्हणजे अर्धा हंगाम ती पोट घेऊन नाचणार. आणि एक नवी गोष्ट होती. लस. माझ्याबरोबर शिकलेला एकजण दूर एका घोड्यांच्या फार्मवर होता, त्याच्याकडे ती बाहेरून आली होती. मुळात डुकरांसाठी बनवलेली, पण घोड्यांच्या शर्यतीवाल्यांनी ती घोड्यांनाही देऊन पाहिली होती. दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने, मानेत. घोडीचा माज बंद.

ती कशी चालते हे मला तेव्हा इतकं सुंदर वाटलं होतं की मी दोनतीनदा ते वाचलं. मेंदू जो निरोप पाठवतो तो एका लहानशा संप्रेरकाचा असतो. लसीत तोच निरोप एका परक्या पदार्थाला बांधून शरीरात सोडतात. शरीर त्या परक्याच्या अंगावर धावून जातं आणि धावता धावता आपल्याच निरोपालाही शत्रू समजायला शिकतं. मग मेंदू निरोप पाठवत राहतो आणि वाटेतच त्याला मारलं जातं. खाली अंडाशयं वाट बघत बघत झोपी जातात. काही कापावं लागत नाही, रक्त येत नाही. सगळं त्या जनावराकडूनच करून घ्यायचं.

कागदावर लिहिलं होतं: पैदाशीसाठी ठेवायच्या घोडीला देऊ नये. मी ते वाचलं होतं. म्हणूनच सलीमभाईंना विचारलं, "हिच्यापासून शिंगरू घ्यायचं आहे का?"

ते म्हणाले, "सध्या तं नाई."

मी 'नाही' ऐकलं. 'सध्या' मला ऐकू आलं होतं. पण डॉक्टरला जे उत्तर हवं असतं ते मिळालं की पुढचे-मागचे शब्द गळून पडतात. आणि विचारायचं कुणाला होतं, हेही माझं चुकलंच. लगाम सलीमभाईंच्या हातात असायचा म्हणून मी त्यांना विचारलं. घोडी त्यांची नव्हती.

जुही शकीलाची होती. शकीला म्हणजे सलीमभाईंची बायको, परतवाड्याची. तिच्या वडिलांच्या घोड्या एके काळी धारणीकडच्या गावांत मीठ, तेल, किराणा वाहायच्या, जिथे तेव्हा जीप पोचत नव्हती. रस्ते झाले, घोड्या विकल्या गेल्या. लग्नात वडिलांनी तिला कपाटाऐवजी शिंगरू दिलं. सासरी टेम्पोतून उतरताना तिच्या एका हातात पेटी होती आणि दुसऱ्या हातात जुहीची दोरी, असं तिच्या जावेने मला हसून सांगितलं होतं. वडील पुढे गेले. त्या घोड्यांच्या जातीतली जुही एकटीच उरली. शकीलाचा हिशेब साधा होता: हिच्यापासून एक मादी शिंगरू घ्यायचं, ते तयार झालं की हिला वरातीतून सोडवायचं. दोन हंगाम काढून घेऊ, मग घोडा दाखवू, एवढीच 'सध्या'ची लांबीरुंदी होती.

हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या डोसच्या दिवशी मला एवढंच दिसलं की एक बाई ओढणीला हात पुसत बाहेर आली आणि घोडीच्या तोंडाशी उभी राहिली. सकाळचे नऊ वाजले होते आणि अंगण तापायला लागलं होतं. कडुनिंबाचा मोहर खाली पडून पायाखाली तांदळाच्या कण्यांसारखा कुरकुरत होता. माझ्या हातात भरलेली सिरिंज होती. बर्फाच्या डब्यातून काढल्यावर तिला ताटकळत ठेवता येत नाही. पुढे दोन ठिकाणी जायचं होतं, एका म्हशीचं रेडकू अडलेलं होतं.

शकीला म्हणाली, "म्याडम, हे कायमचं बंद तं नाई होनार?"

"नाही. असर उतरतो."

"म्हंजे मी घेत होती तसं? तीन मैन्यायचं इंजेक्शन? दोन पोरी झाल्यावर घेतलं मी. मंग सोडलं, तं सात-आठ मैन्यानं पाळी आली. हे धाकटी मंगची हाय."

धाकटी दाराच्या चौकटीत उभी होती. तीन वर्षांची असेल.

मी म्हटलं, "तसंच समज."

शकीलाने घोडीचं तोंड छातीशी धरलं, डोळ्यांवर हात ठेवला. मी सुई दिली. घोडीने कान मागे केले, एवढंच.

'तसंच समज' या दोन शब्दांचा मी नंतर बराच विचार केला आहे, आणि मी फार विचार करणारी बाई नाही. ते खोटं होतं असंही म्हणता येत नाही. बहुतेक घोड्या सहा महिन्यांनी, वर्षाने, दीड वर्षाने परत अलंगवर येतात असंच मी वाचलं होतं. काहींना जास्त वेळ लागतो, थोड्या कधीच येत नाहीत, हेही त्याच पानावर होतं. पण शकीलाने जे विचारलं होतं ते पानावरचं नव्हतं. तिने स्वतःचं शरीर पुढे करून विचारलं होतं, माझ्यासारखं का? आणि तिचं इंजेक्शन म्हणजे बाहेरून घातलेलं औषध. ते संपलं की संपलं. ही लस काही घालत नाही, ती शिकवते. शिकवलेलं शरीर कधी विसरेल हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. हे सांगायला मला चार मिनिटं लागली असती. घोडीच्या मानेवर स्पिरिटचा बोळा फिरवून झाला होता.

त्याच उन्हाळ्यात माझी पाळी थांबली. मला बरं वाटलं. गोठ्यागोठ्यांतून, मोटारसायकलवरून, जिथे बायांसाठी संडास नाही अशा गावांतून वीस-बावीस वर्षं मी ते सांभाळत फिरले होते. एक कटकट गेली, असं मी बहिणीला अमरावतीला फोनवर सांगितलं आणि आम्ही दुसऱ्या विषयावर बोललो. मला स्वतःला जे नकोसं झालं होतं ते दुसऱ्या कुणाचं बंद करताना हात थांबला नाही, याचं आता नवल वाटत नाही.

दुसऱ्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी जुहीची मान सुजली. सूज कणकीच्या गोळ्याएवढी, मग नारळाएवढी. तिला डोकं खाली नेता येईना. पाणी समोर आणि तोंड पोचेना, म्हणून नुसतीच उभी, ओठ हलवत. शकीलाने चार दिवस घमेलं दोन्ही हातांनी तिच्या तोंडापर्यंत उचलून धरलं. मी रोज जात होते. पू काढला, धुतलं, सुया दिल्या. वास असा की सलीमभाई तोंडाला रुमाल बांधून लांब बसायचे. शकीला काही बांधायची नाही. चौथ्या दिवशी घोडीने स्वतःहून जमिनीवरचा कडबा ओढला तेव्हा ती म्हणाली, "सुरवातीचं दुखनं असं म्हना. मले बी सुईनं ताप आल्ता." मी होकार दिलेल्या त्या उपमेतच ती अजून राहत होती.

आणि मग लस लागू पडली. इतकी चांगली की सलीमभाई मिठाई घेऊन आले. वैशाखातली भर दुपार, समोर बँड, फटाक्यांची लड, नवरदेवाचे मित्र शेपटीपाशी नाचतायत, आणि जुही भिंतीसारखी उभी. कुणी तिच्या कानाशी शिटी वाजवली तरी कान फिरवायची नाही. ऑर्डरी अकोटपासून मूर्तिजापूरपर्यंत. दुसरे घोडीवाले दवाखान्यात यायला लागले. "म्याडम, ते जुहीवालं इंजेक्शन द्या." मी दोघांना दिलंही. त्यांना मी जास्त वेळ घेऊन समजावलं का? नाही. एकाची घोडी म्हातारी होती, दुसऱ्याला शिंगराची गरज नव्हती. निदान तो तसं म्हणाला.

पुढच्या फाल्गुनात शकीलाचा पहिला फोन आला. "म्याडम, आज शेपटी उचलली हिनं." मी संध्याकाळी गेले. शेपटीवर माश्या होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी: "म्याडम, आज किंचाळली." शेजारच्या गाढवाने चावा घेतला होता. तिसऱ्या वर्षापासून ती फोन करायची नाही, मीच जायचे. आत हात घालून चाचपायचे, सोनोग्राफीचं मशीन लावून बघायचे. जागं असलेलं अंडाशय मुठीत भरतं, त्यात काळे गोल फुगे दिसतात, पाण्याने भरलेले. जुहीची अंडाशयं पहिल्यांदा तर बोटांना सापडेनात. सापडली ती सुकलेल्या खारकेसारखी. पडद्यावर फुगा नाही, काळं काही नाही, सगळं करडं.

"काय दिसते?" शकीला विचारायची.

"अजून झोपलेलं आहे," मी म्हणायचे. पुन्हा तेच. सोपं वाक्य.

या वर्षी चैत्रात शकीला म्हणाली, घोडा दाखवून पाहू. कधी कधी घोडा समोर आला की आतलं जागं होतं असं तिच्या वडिलांचं म्हणणं होतं. मला माहीत होतं की काही होणार नाही. मी नाही म्हणाले नाही. तेल्हाऱ्याला देवरावकाका म्हणून एक कास्तकार आहेत, त्यांनी हौसेने पैदाशीचा घोडा ठेवला आहे. संध्याकाळी अकोटला वरात होती, वाटेवरच पडतं म्हणून सकाळीच टेम्पो काढला. पुढे सलीमभाई गाडी चालवायला, मागे घोडीजवळ शकीला आणि मी. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी उपटलेली काळी शेतं, भेगा इतक्या रुंद की त्यात पाय जाईल. पत्र्याला हात लागला की भाजत होतं.

देवरावकाकांच्या गोठ्यात मधे लाकडी बल्ली लावलेली होती. अलीकडे जुही, पलीकडे घोडा. तांबूस, मोठा, दोघांनी धरलेला. तिला बघताच तो ओरडला. तो आवाज छातीत घुसतो. बल्लीवर पाय आपटत, ओठ उलटा करून, तिच्या मानेचा, पाठीचा, शेपटीचा वास घेत राहिला. घोडी अलंगवर असती तर पाय फाकून उभी राहिली असती. नसती, तर तिने लाथ मारली असती, तोही एक जबाब असतो. जुहीने खाली पडलेलं कडब्याचं एक ताट उचललं आणि ती खायला लागली.

देवरावकाका हसले. "बाप्पा! आमचा गडी येवढा गाना म्हनून राहिला, अन् हे नाश्ता करून राहिली! म्हतारी झाली का वं तुमची घोडी?"

"पंधरा वर्साची हाय काका," शकीला म्हणाली. "म्हतारी नाई."

"मंग कशी काय असी?"

शकीलाने माझ्याकडे पाहिलं नाही. घोड्याला अर्धा तास ओरडू दिलं. शेवटी तोही थकला आणि मान वळवून उभा राहिला.

परतीच्या वाटेवर टेम्पोत ती माझ्या समोर बसली होती, घोडीच्या पुढच्या पायांपाशी. मग म्हणाली, "तुमी मले तवा इचारलं नाई. मी तुमाले इचारलं. हाय नं?"

"हो."

"मी म्हनलं, माह्यासारखं का. तुमी म्हनलं, तसंच समज."

"हो. ते चुकलं माझं. तसं नव्हतं ते. मला सांगायला वेळ लागला असता म्हणून मी तसं म्हटलं."

तिने मान हलवली, जणू एवढंच तपासून घ्यायचं होतं. "मंग आता खरं सांगा. किती वर्स वाट पाहू?"

पुढच्या वर्षी बघू, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. पाच वर्षांनी परत अलंगवर आलेली एखादी घोडी कुठेतरी असेलच. पण जुही पंधराची झाली होती, आतलं मी माझ्या बोटांनी चाचपलं होतं, आणि ही बाई दर फाल्गुनात शेपटीकडे बघत बसणार होती. घोडीला वरातीतून सोडवायचं तिचं गणितही त्या एका शिंगरावरच अडलेलं होतं.

"वाट पाहू नको," मी म्हटलं. "हिला शिंगरू होणार नाही."

टेम्पो खड्ड्यात आदळला. घोडीचा तोल गेला तसा शकीलाने तिच्या गुडघ्याला हात लावून धरलं आणि मग तो हात काढलाच नाही. रडली वगैरे नाही. अकोटच्या अलीकडे तिने केबिनच्या काचेवर टकटक केली आणि नवऱ्याला ओरडून सांगितलं, "मंगल कार्यालयाच्या मांगून घ्या गाडी. सावली हाय तिकडं. पाच वाजता चढवायचं हाय नवरदेवाले."

मी बसस्टँडवर उतरू शकले असते. उतरले नाही. कार्यालयामागे घोडीच्या साजाच्या पिशव्या धरून उभी राहिले. शकीलाने जुहीला ओल्या फडक्याने पुसलं, झूल घातली, गोंडा बांधला, डाव्या डोळ्याखाली पावडर लावून तो गुलाबी डाग झाकला. इतक्या वर्षांत हे काम तिला मी पहिल्यांदा करताना पाहत होते. हात भरभर चालत होते. सलीमभाई बिडी ओढत लांब उभे होते. त्यांना तिने अजून काही सांगितलं नव्हतं.

बायका हळदीकुंकू घेऊन आल्या. वऱ्हाडात नवरदेव चढायच्या आधी घोडीला कुंकू लावतात, चण्याची भिजलेली डाळ भरवतात. नवरदेवाची आजी पुढे झाली. वाकलेली, नऊवारीतली, हातात डाळीची वाटी. तिने जुहीच्या कपाळावर बोट टेकवलं आणि थांबली. शकीलाकडे मान वर करून म्हणाली, "लेकुरवाळी हाय नं वं पोरी तुही घोडी? माह्या नातवाले वांझोट्या जनावरावर नाई बसवनार मी."

मी जवळच होते. शकीलाने माझ्याकडे पाहिलं, त्या दिवसात पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत.

"हो मावशी," ती म्हणाली. "दोन हायत."

"पोरी का पोरं?"

"पोरीच."

"मंग झालं," म्हातारी म्हणाली आणि तिने कुंकू लावलं. डाळीची ओंजळ पुढे केली. जुहीने ती तळहातावरून सगळी खाल्ली. नवरदेवाला चौघांनी उचलून चढवलं, बँडवाल्यांनी एकदम सुरू केलं, फटाक्यांची माळ पेटली. घोडीचा एक कानसुद्धा हलला नाही.